वाडग्यातले गुलाबी धागे

"मग हे विहिरीत सोडायचं की नाही, माताजी?"

राजुलच्या हातात पितळी वाडगा होता. थेंब सांडेल म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

जैन मठीतला रोजचा नेम साधा होता. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायचं. फडक्यावर अडकलेले बारीक जीव थोड्या गाळलेल्या पाण्यानं वाडग्यात उतरवायचे आणि ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत अलगद सोडायचे. चार वर्षांत राजुल एकदाही चुकली नव्हती. ते ती कधीकधी बोलूनही दाखवायची.

परवा तिची दीक्षा होती; माताजींसारखीच तीही साध्वी होणार होती.

आज उन्हात वाडग्यात केसाहून बारीक धागे तरंगत होते. गुलाबी.

"हे प्लास्टिक आहे," ती म्हणाली. इचलकरंजीच्या कॉलेजात ती कापडच शिकली होती. "पॉलिस्टर. पाण्यात चोळलं की झडतं, आणि कुजत तर नाहीच. जीव ते अन्न समजून गिळतात. विहिरीत सोडलं तर तिथले मरतील... नाही सोडलं तर वाडग्यातले."

"आलं कुठून?"

राजुलनं विहिरीशेजारच्या दगडावर धुणं धुणाऱ्या शेजारणीकडे पाहिलं. "किती वेळा सांगितलं, इथे धुऊ नका म्हणून! ताराक्का, गुलाबी साडी तुमचीच ना?"

ताराक्कानं हातातला पिळा वर धरला. "माझी? हिरवी हाय की गं बाई! चष्मा लावतीस, तरी रंग दिसंना व्हय?"

माताजी हसल्या नाहीत. त्यांनी घागरीच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि वाडग्याशेजारी धरलं.

गुलाबी.

राजुल दचकली. वाडगा कलंडता कलंडता राहिला.

ते फडकं तिनंच शिवलं होतं. मऊ, दुहेरी, लवकर वाळणारं पॉलिस्टर. दिवाळीपासून रोज दोन वेळा पाण्यात चोळलेलं...

"मी तर जीव वाचावेत म्हणून बांधलं होतं."

"माहीत आहे, बाळा."

माताजी उठल्या. दोरीवर त्यांची पांढरी सुती साडी वाळत होती. त्यांनी तिचा काठ धरला आणि हातभर कापड टरकन फाडलं.

"माताजी! दोनच तर साड्या तुमच्या!"

"दोनच आहेत अजून. एक जरा आखूड झाली."

कापडाची दुहेरी घडी घालून त्यांनी ते घागरीवर बांधलं. मग आपल्या मोरपिंछीतलं, जीव अलगद बाजूला सारायच्या मोरपिसांच्या कुंच्यातलं, एक सुटलेलं पीस राजुलच्या हातात दिलं.

"एकेक धागा काढ. हलक्या हातानं. जीवाला लागायला नको."

राजुल सावलीत बसली. पिसाच्या टोकानं धागा उचलायची, निथळू द्यायची, गुलाबी फडक्यावर ठेवायची. ताराक्का धुणं घेऊन घरी गेली. सावली सरकली. राजुलची मान अवघडली.

"झालं?"

"दिसत होते तेवढे काढले..."

माताजींनी वाकून वाडग्यात पाहिलं.

"न दिसणारे किती असतील, माताजी? वाडग्यात... आणि विहिरीत?"

वाडग्यात एक टपोरा थेंब पडला. राजुलनं घाईनं डोळे पुसले.

"परवा मी कोणत्या तोंडानं दीक्षा घेऊ?"

माताजींनी मोरपिंछीनं तिच्या शेजारची जमीन हळूच झाडली.

"सरक जरा... मलाही बसू दे. ते फडकं रोज माझ्याही डोळ्यांसमोर होतं."