भिवरा कासारणीचा डावा हात

एका गावात एक कासारीण होती, आणि आपण कासारीण आहोत याचा तिला कधी विसर पडला नाही. भिवरा तिचे नाव. चाळीस वर्षांत गावातल्या एकूण एक नवरीचा हिरवा चुडा तिनेच भरला होता. डाव्या हाताने ती मुलीचा पंजा असा काही मिटवी, की काच अंगठ्याच्या हाडावरून कधी उतरली ते मुलीला कळतही नसे. चुडा भरून झाला की नवरी तिच्या पाया पडे. देशमुखांची लेक असली तरी पडे. हा मान भिवरा घरी घेऊन जाई आणि तिथे तो उतरवून ठेवायला विसरे, असे शेजारी म्हणत.

वय साठीपलीकडे गेले. हातांवर सुरकुत्या आल्या, डाग आले, थंडीत बोटे फुटू लागली. भिवराने तिकडे लक्ष दिले नाही. लक्ष दिले ते अक्कासाहेबांनी.

अक्कासाहेब म्हणजे देशमुखांची थोरली बहीण, राजधानीत दिलेली. भाची सगुणा हिच्या लग्नासाठी त्या माहेरी आल्या आणि गावात काय काय कमी आहे ते सांगू लागल्या. तिसऱ्या दिवशी भिवराची पाळी आली.

“भिवरे, हे हात घेऊन सगुणेपुढे बसणार तू? लग्नाचं बोलावणं आहे, तेराव्याचं नव्हे.”

“हात जुने आहेत, अक्कासाहेब. बांगड्या नव्या आणीन.”

“तोंड मात्र अजून तरुण आहे हो तुझं! आठ दिवस देते. हात बघण्याजोगे झाले तर ठीक. नाही तर आमच्याकडचा कासार येईल.”

भिवरा हसत बाहेर पडली. ते हसू चौकापर्यंत टिकले. देशमुखांकडे एकदा परका कासार बसला, की गावात पुन्हा कोणत्याही नवरीपुढे आपला पाट मांडला जाणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

ती वैद्यांकडे गेली. त्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले.

“रोज तिळाचं तेल चोळ. उन्हात जाताना हातावर पदर घे. राखेनं भांडी घासणं सुनेला सांग.”

“सुरकुत्या जातील?”

“नाही. बोटं फुटायची थांबतील.”

“आणि लेप?”

“आहेत की. काही बरे आहेत, पण सावकाश गुण देणारे. कातडी सोलणारा लेप लावशील, तर नवी कातडी कामाला यायला चाळीस दिवस धर. लग्न कधी आहे म्हणालीस?”

भिवरा बोटांवर दिवस मोजत उठली.

गावात तेव्हा जत्रा होती आणि जत्रेत एक रूपवैद्य आला होता. तंबूवर पाटी होती: ‘साठीची सोळा करू.’

“चाळीस दिवस त्या वैद्यांना लागतात. आपल्याकडे चार,” तो म्हणाला.

“आग होईल?”

“रूप यायचं तर थोडी कळ सोसावी लागते, आई.”

ही कळ त्याने स्वतः कधी सोसल्याचे दिसत नव्हते. पण भिवराने लेप घेतला. दोन बांगड्या एकमेकींवर वाजवून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात चढवत नसे. म्हणून तिने आधी एकाच हाताला लेप लावला. डाव्या. नवरीचा पंजा धरणारा, म्हणजे चारचौघींना दिसणारा, तोच. शहाणपणा केला तो लेप एका हातापुरता ठेवण्यात, आणि चूक केली ती हात निवडण्यात.

चार दिवसांत जुनी कातडी खरोखरच निघाली. खाली गुलाबी, गुळगुळीत हात. एक हात सोळाचा, दुसरा साठीचा.

“वा!” अक्कासाहेब म्हणाल्या. “आता तो दुसरा तेवढा पदराखाली ठेव.”

चुडा भरायचा दिवस आला. सुवासिनी दाटीने बसल्या. सगुणा लगाम धरण्यात वाढलेली, तिच्या हाताची हाडे रुंद. भिवराने डाव्या हाताने तिचा पंजा मिटवला, पदराआडच्या उजव्याने बांगडी सरकवली आणि डाव्याच्या नव्या कातडीची अशी आग झाली, की पकड सुटली. पहिलीच बांगडी अंगठ्यापाशी अडकली. सगुणेने ओठ चावला.

“काय गं, अडली?” अक्कासाहेबांनी विचारले. बायका माना उंचावून पाहू लागल्या. नवरीच्या चुड्यातली पहिलीच बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर गाव ते जन्मभर लक्षात ठेवणार होते.

जोर लावला तर काच मुलीच्या हातात जाणार. नाही लावला तर लाज जाणार. भिवराने बांगडी हलकेच मागे घेतली.

“बांगडी नाही अडली, अक्कासाहेब. माझा हात अडला. हा चार दिवसांचा आहे, त्याला काही येत नाही.”

मग तिने बांगडी डाव्या हातात दिली आणि उजव्या हातावरचा पदर मागे सारला. सुरकुत्यांचा, डागांचा हात. त्याने पंजा मिटवण्याचे काम कधी केले नव्हते. पण बांगडी चढवता चढवता चाळीस वर्षे समोरून पाहिले होते. सगुणेची हाडे त्याने एकदा चाचपली, पंजा मिटवला, आणि बांगडी मनगटावर जाऊन बसली. मग दुसरी. मग तिसरी. भिवराचा डावा हात चुडा संपेपर्यंत जळत राहिला, पण बांगडी एकही वाढली नाही.

सगुणा उठली आणि पाया पडली. नुसती वाकली नाही. तिने तो उजवा हात उचलून डोळ्यांना लावला.

“मावशी, कळलंसुद्धा नाही हो.”

“कळायचं नसतंच, बाळ,” भिवरा म्हणाली. तिची मान त्या दिवशी इतकी ताठ होती, की मागे बसलेल्यांना पुढचे दिसेना.

नवरीनंतर मान आत्याचा. अक्कासाहेबांनी मुकाट्याने हात पुढे केला. पांढरी पावडर लावून लावून तो भिंतीसारखा झाला होता. भिवराने ओले फडके घेतले आणि सगळ्या बायकांदेखत तो स्वच्छ पुसला. खालून निघाला तो साठीचा हात. सुरकुत्यांचा, डागांचा.

“हं,” भिवरा म्हणाली, “आता हाड सापडेल.”

तात्पर्य: कातडीची निगा जरूर राखावी, उपचारही जाणत्याला विचारून करावा; पण जिने आयुष्यभर काम केले, तिची दुसऱ्याच्या सांगण्यावरून लाज बाळगू नये.