घंटेची हद्द

डोंगरांनाही आपलं वय आठवत नसेल इतक्या जुन्या काळी, धुक्याच्या मुलखात एक राणी राज्य करत होती. त्या मुलखात पहाट उशिरापर्यंत रेंगाळायची. झाडं आधी सावल्यांसारखी दिसायची आणि मग हळूहळू झाडांसारखी. माणसं एकमेकांना आधी ऐकायची, मग बघायची.

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, अशा मुलखात शाळेची हद्द कशी ठरवत असतील? धुक्यात कुंपण दिसत नाही, रोवलेला दगडही दिसत नाही. म्हणून राणीच्या पणजोबांनी नियम केला होता. प्रत्येक शाळेत एक काशाची घंटा टांगायची. ती सकाळी ज्या घरात ऐकू येईल, त्या घरातलं मूल त्या शाळेचं. डोंगराच्या अलीकडे एक घंटा, एक शाळा. डोंगराच्या पलीकडे दुसरी घंटा, दुसरी शाळा.

अलीकडच्या शाळेत गुरुमाई शिकवायच्या. त्यांनी अक्षर काढून दाखवलं की ते मुलांच्या स्वप्नात यायचं. गणित शिकवलं की मुलं झाडावरची पाखरं मोजत घरी यायची. प्रत्येक मुलाचं पाठांतर त्या स्वतः ऐकायच्या. एका दिवसात जेवढ्या मुलांचं ऐकून व्हायचं, तेवढीच बसकरं शाळेत अंथरलेली असायची. एका बसकरावर एक मूल.

या शाळेच्या हद्दीत, ओढ्याकाठी, जिऊ रंगारीण राहत होती. नीळ, हळद, पळसाची फुलं, मंजिष्ठा यांत ती कापडं बुडवायची आणि खडकांवर वाळत घालायची. तिच्या हातांचा मूळ रंग कोणता होता, हे तिलाही आठवत नव्हतं. घरात ती आणि तिची लेक केवडा, अशा दोघीच.

त्या वर्षी केवडा शाळेत जाण्याएवढी झाली. जिऊनं तिच्यासाठी पिवळं परकर-पोलकं शिवलं. घंटा वाजली तशा दोघी हात धरून निघाल्या. शाळेत पोचल्या तर सगळी बसकरं भरलेली. गुरुमाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

"असं कसं झालं?" त्या म्हणाल्या. "हद्दीतल्या पोरांपुरती बसकरं मी स्वतः विणून घेतली होती. एक कमी कसं पडलं?"

एक कमी पडलं, याचा अर्थ सगळ्यांना कळला. हद्दीबाहेरचं कुणीतरी आत येऊन बसलं होतं.

केवडा रडली नाही. वाटेत तिनं एवढंच विचारलं, "आई, आपल्याला घंटा ऐकू येते ना गं?"

"येते की."

"मग घंटा खोटं बोलली का?"

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी पिटली गेली. हद्दीबाहेरचं मूल कोणतं, हे जो पाटलांना सांगेल, त्याच्या घरच्या मुलाला ते बसकर मिळेल. दवंडी ऐकली आणि गाव बदललं. शेजारणी एकमेकींच्या चुलीकडे बघायला लागल्या. कुणाच्या घरी पाहुणी भाची आली तरी चार माना वळायच्या.

पुढं एकदा पहाटे जिऊ ओढ्यावर कापड वाळत घालत होती. वाऱ्यानं एक हळदी लुगडं उचललं आणि धुक्यात नेलं. ती त्याच्यामागे धावली. लुगडं जाऊन पडलं बांबूच्या बेटाशेजारी, एका झोपडीच्या दारात. ही झोपडी मध काढणाऱ्या लिंबाजीची. लिंबाजी लेकीला घेऊन तिथं राहतो, असं सगळं गाव समजत होतं.

लुगडं उचलताना जिऊनं सहज आत डोकावलं, आणि ती थबकली. आत चूल नव्हती, मडकं नव्हतं. कोपऱ्यांत कोळिष्टकं लोंबत होती. मधोमध एक पोर पाटी उराशी धरून ताठ उभी होती. तिच्या केसांत दवाचे थेंब होते आणि पाय डोंगरातल्या तांबड्या चिखलानं माखले होते.

"मी इथंच राहते," जिऊनं काही विचारण्याआधीच पोर म्हणाली.

"नाव काय गं तुझं?"

"चंद्री. मी इथंच राहते. मला घंटा ऐकू येते."

"अंधारात कशाला उभी मग? बाहेर ये."

"घंटा वाजल्याशिवाय बाहेर यायचं नाही, असं आबांनी सांगितलंय. आणि खोकायचं पण नाही." असं म्हणून ती खोकलीच, आणि घाबरून तिनं तोंडावर हात धरला.

तेवढ्यात घंटा वाजली. चंद्री रोज त्या घरात निजून उठत असल्यासारखी दारातून बाहेर पडली, आणि धुक्यात विरघळून गेली.

जिऊ तिथंच उभी राहिली. तिला आधी दया आली. मग घरी पोचल्यावर केवडा दिसली. ती निळीच्या गाळात बोट बुडवून फरशीवर अक्षरं काढत बसली होती. ती अक्षरं कोणत्याच भाषेतली नव्हती. जिऊला राग आला. एका शब्दात काम होत होतं. पाटलांचा वाडा हाकेच्या अंतरावर होता.

पण तिच्या डोळ्यांसमोरून तोंडावर धरलेला तो हात जाईना. ज्याच्याविषयी बोलायचं, त्याच्याशी आधी बोलावं, असं तिनं ठरवलं. शाळा सुटायच्या वेळी ती बांबूच्या बेटाशी जाऊन बसली. लेकीला न्यायला लिंबाजी आला. जिऊला पाहून तो समजला.

"जिऊबाई, पलीकडच्या शाळेचं छप्पर उडालंय," तो म्हणाला. "मास्तर निघून गेले. घंटा आहे, पण वाजवायला कुणी नाही. पोरीला मधाची पोळी हुंगायला शिकवू का मी फक्त?"

"तुझी पोर आत बसली, म्हणून माझी बाहेर राहिली, लिंबाजी."

"मला रिकामं बसकर दिसलं. त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं."

"आता कळलं ना? तिचं नाव केवडा."

लिंबाजीनं मान खाली घातली. बांबूंची पानं सळसळत होती. जिऊ पुढं म्हणाली, "तू स्वतः जाऊन गुरुमाईंना सांग. मी तुझं नाव विकायला जाणार नाही. पण कुणी तोंडावर विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

लिंबाजीनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते जिऊला कळलं नाही. लेकीचा हात धरून तो डोंगर चढून गेला.

तो गुरुमाईंकडे गेला नाही. उद्या जाऊ, असं त्यालाही वाटत असेल. पण सकाळ झाली की त्याला लेकीची पाटी दिसायची आणि पाय आपसूक झोपडीकडे वळायचे.

शेवटी पाटीलच घरोघर फिरत ओढ्यावर आले. "जिऊ," त्यांनी विचारलं, "तुझं घर बांबूच्या बेटाच्या सगळ्यांत जवळ. त्या झोपडीत कुणी राहतं का गं?"

जिऊचे हात मंजिष्ठेच्या रंगात कोपरापर्यंत बुडाले होते. ते तिनं बाहेर काढले.

"नाही," ती म्हणाली. "तिथं कुणी राहत नाही."

पाटील खूश झाले. "शाबास! बसकर तुझ्या पोरीचं. बक्षीस म्हणून."

"पाटील, ते बसकर हद्दीतल्या पोरीचं म्हणून द्या. बक्षीस म्हणून नको. आणि पलीकडच्या शाळेचं छप्पर उडालंय, ते बघा."

"पलीकडची शाळा माझ्या हद्दीत येत नाही," असं म्हणून पाटील निघून गेले.

चंद्री शाळेतून गेली. केवडा शाळेत बसली. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. तरी जिऊला घास गोड लागेना. केवडा रोज नवं अक्षर घेऊन घरी यायची आणि जिऊ ते ओढ्याच्या वाळूत काढून बघायची. एक दिवस केवडानं विचारलं, "आई, माझ्या बसकराच्या कडेला कुणीतरी बोरूनं छोटी मधमाशी काढलीय. कोण बसायचं गं तिथं?"

"चंद्री नावाची मुलगी."

"ती आता कुठं बसते?"

जिऊला इतकं कळलं की या प्रश्नाचं उत्तर घरात बसून मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आपली जाडीभरडी कापडं बांधली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती डोंगर चढू लागली. धुकं इतकं दाट होतं की आपण चढतोय की तरंगतोय, ते कळत नव्हतं. माथ्यावर पोचली तेव्हा खालून पाण्यावरून यावेत तसे मुलांचे आवाज आले. पलीकडच्या गावात पोरं रानोमाळ फिरत होती. शाळेच्या चार भिंती उभ्या होत्या. वर नुसते वासे, आणि वाशांवर आभाळ.

लिंबाजी समोरच्या अंगणात सुरी घासत बसला होता. त्यानं जिऊला पाहिलं आणि पाठ फिरवली. तिनं गाठोडं सोडलं, शिडी लावली आणि एकेक कापड वाशांवर टाकून बांधायला लागली. पण तिच्या गाठी वाऱ्यात टिकेनात. एक बांधावी तर दुसरी सुटावी. पोरं गोळा होऊन हसू लागली.

बराच वेळ लिंबाजी पाठ करून बसला. मग त्याला राहवेना. कड्यावर दोर बांधून मध काढणारा माणूस तो. अशा गाठी त्याला बघवेनात. तो उठला, शिडी चढला आणि तिच्या हातातलं टोक त्यानं घेतलं.

"अशी नाही," तो म्हणाला. "अशी."

दुपारपर्यंत छत झालं. ऊन त्या कापडांतून खाली झिरपलं, आणि शाळेच्या जमिनीवर निळं, पिवळं, तांबडं पाणी साचल्यासारखं झालं. पोरं त्यात जपून पाय टाकत आत आली. चंद्री निळ्या उजेडात बसली. दुसरी काही पोरं पिवळ्यात बसली. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून चंद्रीच उठली आणि तिला येत होती ती अक्षरं भिंतीवर काढायला लागली.

लिंबाजी ते बघत राहिला. इतके दिवस त्यानं आपल्या एका पोरीची वाट शोधली होती. बाकीची पोरं कुठं जातात, हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं.

त्यानं तांब्यात पाणी आणून जिऊला दिलं. "तू पाटलांना सांगितलंस ना, तेव्हा मनातल्या मनात तुला खूप शिव्या दिल्या मी."

"ठाऊक आहे मला."

"अजून देतो. पण कमी."

जिऊ हसली, आणि मग तोही हसला.

कापडाचं छत पावसाला टिकत नाही आणि एका पोरीच्या अक्षरांवर गाव शिकत नाही, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून दोघं मिळून राणीकडे गेली. जिऊनं सगळं सांगितलं. लिंबाजीनं आपली लबाडीही लपवली नाही.

राणीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "बाई, याची लबाडी तूच उघड केलीस, आणि आज यालाच बरोबर घेऊन आलीस?"

"हो, राणीसाहेब," जिऊ म्हणाली. "माझ्या लेकीचं बसकर तिचंच होतं, म्हणून खरं सांगितलं. पण याच्या लेकीला बसकरच उरलं नाही, म्हणून इथं आले."

"आणि तू?" राणीनं लिंबाजीला विचारलं. "शिक्षा काय देऊ तुला?"

"सांगाल ती. पण आधी मास्तर द्या."

राणीनं मास्तर दिले. गुरुमाईंच्या हाताखाली शिकून तयार झालेली एक तरुण बाई पलीकडच्या शाळेत गेली. छपराला लाकूड राणीनं दिलं, आणि दर वर्षी ते छप्पर शाकारायचं काम लिंबाजीच्या गळ्यात घातलं. हीच त्याची शिक्षा. ती त्यानं म्हातारपणापर्यंत भोगली आणि कुणी हलकी करायला आलं तर तो भांडायचा.

राणीनं बक्षिसाची दवंडीही बंद केली. नवा नियम असा झाला, की ज्याला शेजाऱ्याची तक्रार करायची असेल त्यानं आधी त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन पाणी प्यावं, त्याचं ऐकून घ्यावं आणि मगच पाटलांचं दार ठोठावावं. तेव्हापासून त्या मुलखात तक्रारी थोड्या झाल्या. ज्या झाल्या त्या खऱ्या निघाल्या, आणि तक्रार करणारे व ज्यांची तक्रार झाली ते, पुष्कळदा एकाच वाटेनं राणीकडे येताना दिसू लागले.

बोध: दुसऱ्याची लबाडी उघड करणं हे अर्धंच काम आहे, त्याला लबाडी करावी लागू नये म्हणून त्याच्यासोबत उभं राहणं, हे उरलेलं अर्धं.