लांडग्याच्या तोंडात बोर

अगं ऐक ना! गोष्ट फार पूर्वीची आहे, पण मला आत्ता कळली आणि अजून अंगावर काटा आहे बघ.

एका माळावर वणवा पेटला. जिकडेतिकडे धूर! लपायला जागा म्हणजे टेकडीतली गुहा. तिच्या दारात, बोरीच्या झाडाखाली, ससा उभा. येईल त्याला एकच प्रश्न, "काय खातोस?" गवत-पाला खाणारे आत, पार खोल. सगळंच खाणारे दाराशी. आणि मांस खाणारे? त्यांनी पलीकडच्या ओढ्यात जाऊन बसायचं.

हरणी पाडसाला घेऊन आत गेली. मग अस्वल आलं.

"मध, मुंग्या, फळं, मेलेलं ढोर, आपल्याला सगळं चालतं. खोटं कशाला बोलू?"

"मग दाराशी बसा, काका."

आणि मग आला लांडगा. तोंडात चक्क पिकलेलं बोर!

"तू आणि बोरं?" ससा म्हणाला.

"अरे, रोज खातो! मला बोरीखाली बघितलं नाहीस कधी?"

बघितलं होतं की! सशाने स्वतः बघितलं होतं.

"सशा, दात बघ त्याचे," अस्वल गुरगुरलं.

"तोंडात बोर दिसतंय ना काका, दात कशाला बघायचे? जा रे आत."

लांडगा थेट पाडसाला खेटून बसला. धूर इतका दाटला की कुणाला कुणी दिसेना. आणि त्या अंधारात आवाज आला, गुर्रर्र... लांडग्याचं पोट!

हरणी घाबरत म्हणाली, "दादा, भूक लागली का? दाराशी बोरं पडलीत."

"बोरं?" लांडगा हसला. "ती शिकार मिळाली नाही की खातो मी."

बाप रे! त्याने पाडसावर झडप घातली, तसा ससा वेड्यासारखा मध्ये घुसला. पाडस वाचलं गं, पण सशाचा डावा कान गेला. अस्वलाने लांडग्याला मानगूट धरून बाहेर भिरकावलं.

ससा रडत म्हणाला, "पण तो खोटं नव्हता बोलला!"

"नव्हताच," अस्वल म्हणालं. "तूच अर्धं विचारलंस."

तात्पर्य काय, तर कोण कधीमधी काय खातो त्यावर जाऊ नये. कडकडून भूक लागली की कशावर झडप घालतो, ते आधी बघावं.

पण खरं सांग हं. मागून आग येतेय, समोर बोर चघळत लांडगा उभा आहे, आणि दारात तू. काय केलं असतंस?