राजकन्येचा निवाडा

एका राज्यात शार्दूलकेतू नावाचा राजा होता, वेत्रवती नावाची राणी होती. बारा वर्षे दोघे एका सिंहासनावर बसले, पण मने दोन दिशांना गेली. अखेर राणी म्हणाली, "मी माहेरी, डोंगरराज्यात जाते."

राजा म्हणाला, "जा. पण सुवेणी इथेच राहील."

सुवेणी त्यांची लेक, आठ वर्षांची. ती महालातून हलू नये म्हणून राजाने बंधनमंत्र सोडला. त्याच क्षणी तिला ओढून नेण्यासाठी राणीने आकर्षणमंत्र म्हटला. दोन्ही मंत्र पोरीच्या अंगावर आदळले आणि तिचा आवाज सोनेरी मैना होऊन खिडकीतून उडून गेला. सुवेणी ओठ हलवी, शब्द उमटेना.

राजाराणीने धर्माधिकारी मेधावतीला पाचारण केले. सत्तरीच्या या बाईने सीमेचे तंटे नि वारशाचे वाद बसल्या बैठकीत मिटवले होते. पण पोरीचे ते हलते ओठ पाहून ती बैठक सोडून उठली. मैना ज्या दिशेला उडाली होती, तिथल्या मंत्रवनात ती काठी टेकत गेली. तिथे हिरव्या खडकावर मैना बसली होती.

"परत चल," मेधावती म्हणाली.

"तीन कामे व्हावीत," मैना उत्तरली. "राजाने राणीचा एक गुण सांगावा. राणीने राजाचा सांगावा. खोटे बोलेल तो दगड होईल. आणि तू पोरीला असा प्रश्न विचार, की उत्तर देताना तिला कोणाचाच अपराध केल्यासारखे वाटू नये. तिचे उत्तर मी बोलेन."

दरबार भरला. मैना सुवेणीच्या खांद्यावर बसली.

"राणी मृदुभाषिणी आहे," राजा म्हणाला, आणि त्याची पावले घोट्यापर्यंत दगड झाली. त्याने दगडी पावलांकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "पोरीला गोवर निघाला तेव्हा ही नऊ रात्री उशाशी बसून होती. मी मोहिमेवर होतो. परतता आले असते, परतलो नाही." दगड वितळला.

राणी खाली पाहत म्हणाली, "यांनी लेकीला खोटे वचन कधी दिले नाही. जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणतात."

आता मेधावतीची पाळी. 'कोणाकडे राहशील?' हा प्रश्न तिच्या जिभेवर आला. तीस वर्षे, आईबाप वेगळे होताना, तिने लेकरांना हेच विचारले होते, आणि दर वेळी लेकराची मान खाली गेली होती. तिने तो गिळला. ती सुवेणीजवळ जमिनीवरच बसली.

"बाळ, तुझा चांगला दिवस कसा असतो?"

मैना सुवेणीच्या आवाजात बोलू लागली, "आई वेणी घालते तेव्हा मी पाढे म्हणते. मग मालिनीबरोबर गुरुजींकडे जाते. संध्याकाळी बाबा घोड्यावर पुढे बसवतात. जेवताना कोणी ओरडत नाही."

मेधावतीने निवाडा दिला. "सुवेणी आईजवळ राहील. पण राणीसाहेब, माहेरी नव्हे, महालासमोरच्या नदीच्या पैलतीरावर. गुरुजी नि मैत्रीण सुटता कामा नयेत. महाराज, तिची प्रत्येक संध्याकाळ तुमची. विद्या आणि औषध, दोन्हींचा विचार दोघांनी मिळून करावा."

"म्हणजे मी हरलो?" राजाने विचारले.

"ही लढाई नव्हती, महाराज."

माहेर सुटले म्हणून राणीचे डोळे भरले, तरी तिने मान डोलावली. दोघांनी आपापला मंत्र मागे घेतला. मैना विरघळली. सुवेणीला ठसका लागला.

"आजी, पाणी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या राज्यात 'आई हवी की बाबा' असे लेकरांना विचारणे बंद झाले.

दुसऱ्या संध्याकाळी राजा नदी ओलांडून आला तेव्हा दिवे लागले होते. सुवेणी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, उशीर केलात."

"केला खरा," राजा म्हणाला, आणि घोड्यावरून उतरला.