शाम्पूचा पहिला अर्थ

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हेडमास्तर खासनीस सरांनी माझ्या तेजलपुढे शाम्पूच्या बाटलीचं चित्र धरलं. इंग्रजी शाळेत पहिलीचा प्रवेश या मुलाखतीवर होता, आणि घरी शिकवणारी मी सातवी पास.

"सांग, शाम्पू म्हणजे काय?"

तेजल म्हणाली, "डोकं चेपणं."

तिच्या आजोबांचं कटिंगचं दुकान आहे. त्यांनीच तिला तसं सांगितलेलं.

सर खो खो हसले. "बाई, ज्याला शब्दाचा अर्थ येत नाही, त्याला आमच्या शाळेत जागा नाही. या आता."

मी खुर्ची सोडली नाही. "सर, तुमच्या मागचा तो जाडजूड कोश बघता का जरा? मामंजींच्या दुकानात एक रिटायर मास्तर चंपी करून घ्यायला येतात, ते सांगतात की हा शब्द इंग्रज साहेबांनी आपल्याकडूनच नेलाय."

सरांनी मोठ्या तोऱ्यात कोश उघडला. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. शब्द हिंदीतल्या 'चांपो'वरून आलेला, पहिला अर्थ अंग चोळणं, चेपणं. केस धुणं हा अर्थ कितीतरी वर्षांनी आला.

मी म्हटलं, "तेजलला येत होता की हो! आता सर, तुम्हाला कुठल्या शाळेत घालायचं?"

आधी दाराशी उभे असलेले शिपाईमामा फसकन हसले, मग सरही. त्यांनी फॉर्मवर सही केली.

मुलाखतीच्या धास्तीनं झोप उडालेली आई तुमच्या ओळखीत असेल, तर तिला एवढं नक्की सांगा: पोराच्या उत्तराला कोणी हसलं, तरी कोश उघडायला लावल्याशिवाय उठू नकोस.