होडीत सोडलेली पन्हळ

"पन्हळ होडीत कुणी सोडली?"

"मी."

दाजी मेस्त्री फळ्यांच्या फटीत ठोकायच्या कापसाच्या वातीला तेल चोळत बसले होते. मान वर केली नाही.

हरेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच हो! चार वर्षं दाजींच्या हाताखाली राबून त्याने पहिली होडी एकट्याने बांधली होती. उद्या त्याचा थोरला भाऊ ती घेऊन समुद्रात जाणार होता. आज नारळी पौर्णिमा, सुट्टी. धो धो पावसातही सगळं गाव नारळ सोडायला किनाऱ्यावर जमलेलं. हरेश्वर तिथून भिजून परत येतो, तर शेडच्या पत्र्यावरचं सगळं पाणी पन्हळीतून धबाधबा त्याच्या होडीत पडतंय!

"दाजी, गुडघाभर पाणी झालंय आत!"

"होऊ दे."

"होऊ दे काय? होडी पाण्यावर ठेवायची असते. तुम्ही पाणी होडीत ठेवलंत!"

दाजी वात चोळतच राहिले.

"मी दहा वेळा तपासलीय. एक थेंब आत यायचा नाही."

"मग बाहेर तरी कसा येईल?" दाजी म्हणाले. "खाली बघ जा."

हरेश्वर पाय आपटत होडीखाली वाकला. शेडमुळे बाहेरून फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. त्याने एकेका सांध्यावरून हात फिरवला. होडीच्या पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागे, मागून पुन्हा पुढे.

नाळेजवळ, नव्या निळ्या रंगाखाली, बोट ओलं झालं.

त्याने बोट पुसून पुन्हा लावलं; पुन्हा ओलं.

"हे एवढंसं?" तो म्हणाला. "लाकूड फुगलं की आपोआप बंद होईल."

"होईल की. भावाला तसं सांगून ये."

हरेश्वर शेडच्या दारापर्यंत गेला. किनाऱ्यावरचे ढोल ऐकू येत होते. भाऊ तिथेच नाचत असणार.

हरेश्वर दारातूनच परत आला.

"तो सांधा भरला तेव्हा होडीवर नाव रंगवायची घाई होती मला," तो पुटपुटला. "कापूस ठोकला न ठोकला आणि वरून रंग मारला."

दाजींनी तेलातली वात पुढे केली.

हरेश्वरने पन्हळ बाजूला सारली, तळाचं बूच काढून पाणी सोडलं. निळा रंग खरवडताना त्याच्या जिवावर आलं, पण खरवडला. फट पुसून कोरडी केली, पटाशीने कापूस ठोकून ठोकून बसवला. मग बूच लावलं आणि पन्हळ पुन्हा स्वतःच्याच हाताने होडीत सोडली. दुपार टळून गेली. घरचा नारळीभात गार झाला असेल.

होडी पुन्हा भरली. त्याने खालून सगळे सांधे चाचपले. हात कोरडा राहिला.

"बघा!" तो म्हणाला.

दाजींनी बघितलं. हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागले.

आता मात्र हरेश्वरचा संयम सुटला.

"चार वर्षं झाली, दाजी! तुमच्या तोंडून एक शब्द नाही. एकदा तरी म्हणा, होडी चांगली झाली!"

दाजींनी पेटी बंद केली.

"ते मी कसं सांगू? उद्या रात्री तुझा भाऊ घरी जेवायला बसला, की त्याला विचार."