आम्ही वाढणार!

एक होतं रान. रानात एक होता राजा. तो अस्वल होता आणि रीतसर निवडून आलेला होता, म्हणजे मतदानाच्या दिवशी तो सकाळीच मतपेटीवर जाऊन बसला आणि संध्याकाळी उठला तेव्हा सगळी मतं त्याच्याच खाली सापडली. त्याचं नाव झिपरोजी. त्याची प्रधान होती एक घोरपड. तिनं तीन राजे येताना पाहिले, तीन जाताना पाहिले, पण खुर्चीला मारलेली मिठी काही सोडली नाही.

त्या वर्षी श्रावण सरत आला तरी रानात खायची मारामार होती. करवंदं-जांभळं केव्हाच संपलेली आणि नवं धान्य अजून पोटरीत. असल्या दिवसांसाठीच सगळ्या रानानं मिळून एक पेव भरून ठेवलं होतं. जमिनीत खोल खड्डा, त्यात सावा, वरी, बर्टी, वर मातीचं झाकण. जनावरं राजाकडे गेली आणि म्हणाली, "महाराज, पेव उघडा."

राजा म्हणाला, "आधी अभ्यासदौरा."

शेजारच्या मुलखात माणसांनी एक करमणुकीची बाग बांधली होती. राजा ती बघून आला आणि आल्या आल्या घोषणा केली की आपणही अशीच बाग बांधायची. अशा बागेला एक विषय लागतो. कुणी समुद्र करतं, कुणी भुताटकी करतं. आपल्या बागेचा विषय ठरला : रान. त्यासाठी अर्धं रान तोडायचं आणि तिथं सिमेंटची झाडं उभी करायची. मधोमध एक भव्य भोजनविहार. यापुढे कुणी कुठंही चरायचं, टिपायचं, कुरतडायचं नाही. सगळ्यांनी तिथं येऊन, बाकावर बसून, शिस्तीत जेवायचं.

"भोजनविहाराच्या आखणीसाठी रानातली नामांकित सुगरण नेमावी," असा हुकूम निघाला. शिपाई माकड तो घेऊन थेट तळ्यावरच्या बाभळीकडे गेलं आणि सुगरण पक्षीण घेऊन आलं.

तिचं नाव पारखी. विणकाम तिचा नवरा धागोजी करायचा. ती फक्त अर्धं विणलेलं घरटं आतून-बाहेरून तपासायची आणि पसंत पडलं नाही तर मान फिरवायची. धागोजीची पाच घरटी तिनं अशी नापास केली होती. सहाव्यात आता तिची तीन पिल्लं होती, डोळेही न उघडलेली.

"प्रधानबाई, काहीतरी घोटाळा झालाय," ती म्हणाली. "मला स्वयंपाक येत नाही हो. आम्ही दाणा कच्चाच खातो."

"कागदावर सुगरण लिहिलंय," घोरपड म्हणाली. "तुम्ही सुगरणच ना?"

"जातीनं आहे."

"मग झालं. आपल्याकडे नेमणूक जातीवरच होते, येण्या-न येण्यावर नाही."

पारखी नाहीच म्हणणार होती, पण तेवढ्यात तिची नजर नकाशावर पडली. तो वटवाघळानं लटकल्या लटकल्या काढला होता, त्यामुळे त्यात छप्पर खाली आणि बाकं वर होती. पण उलटा असला तरी एक गोष्ट तिला सरळ दिसली. वाढपाचा ओटा नेमका तिच्या बाभळीच्या जागी येत होता. पिल्लांना पंख फुटायला अजून पंधरा-वीस दिवस होते, आणि बाभूळ परवा तुटणार होती.

"घेते मी काम," ती म्हणाली.

त्या आठवड्यात रानात समित्यांचं पेव फुटलं. बाकांच्या समितीनं समतेच्या तत्त्वावर सगळी बाकं एकाच उंचीची केली. त्यामुळे उंदराला चढता येईना आणि हत्तीला बसता येईना, आणि गैरसोय दोघांची सारखीच झाल्यामुळे समिती खूश झाली. हरणांचा एक म्हातारा पुढारी भीत भीत विचारायला आला, "साहेब, आम्ही बसायचं कुठं? पंगतीत की पानात?" त्याला सांगण्यात आलं की सध्या पंगतीत, पुढचं पुढं बघू.

पारखी मात्र एकाच गोष्टीच्या मागं होती. राजा पाहणीला आला तेव्हा ती त्याच्यापुढं जाऊन बसली.

"महाराज, बाभूळ तोडू नका. ओटा पलीकडे सरकवा आणि रांग बाभळीभोवती वळवा."

"सरळ रांगेत काय वाईट आहे?"

"सरळ रांगेत शेवटच्याला कळतं की आपण शेवटचे. वळणाच्या रांगेत प्रत्येकाला वाटतं, आलंच आता."

राजा थांबला. गादीवर बसल्यापासून तो पहिल्यांदाच विचार करत होता, त्यामुळे त्याला जरा वेळ लागला.

"आणि ही वळणं कितीही घालता येतात?"

"येतात की," पारखी म्हणाली. तिला त्या क्षणी फक्त तीन उघड्या चोची दिसत होत्या. मग संसारी बाईच्या सवयीनं तिनं विचारलं, "पण महाराज, वाढणार कधी?"

"काय म्हणालीस?"

"वाढणार कधी, म्हणते मी."

"वाढणार!" राजा तो शब्द जिभेवर घोळवत म्हणाला. "प्रधानबाई, लिहून घ्या. सापडली घोषणा."

बाभूळ वाचली. दुसऱ्या दिवशी तिच्याच खोडावर फलक लागला : आम्ही वाढणार!

उद्घाटनाला सगळं रान पळसाच्या पत्रावळी घेऊन हजर झालं. राजा बोलायला उभा राहिला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! मागच्यांनी काय केलं? मागच्यांनी नुसतं खाल्लं! आणि आम्ही काय करणार?"

"आम्ही वाढणार!" प्रधानबाई ओरडल्या.

टाळ्या कडाडल्या आणि त्याहून जोरात पोटं गुरगुरली. मग पेव फोडलं. पण जनतेच्या अन्नाची चव आधी राजानं बघायची, असा राजधर्म आहे. म्हणून पहिली पंगत राजाची, मंत्र्यांची आणि शेजारच्या रानांतून आलेल्या पाहुण्यांची बसली. त्यांनी चव बघितली. सात दिवस बघितली. मीठ बरोबर आहे की नाही, यावर त्यांचं एकमत होईपर्यंत पेवाचा तळ लागला. वचनाप्रमाणे राजा मात्र चांगलाच वाढला. त्याला सिंहासन नवं करावं लागलं.

आठव्या दिवशी रांगेतला पहिला सांबर ओट्यापाशी पोचला. ओट्यावर काहीच नव्हतं. माकड शिपायानं त्याला अदबीनं सांगितलं, "इकडून या साहेब, पुढं सरका." सांबर पुढं सरकला आणि वळण घेऊन रांगेतल्या शेवटच्या सशाच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे आले. असं करता करता रांगेचं तोंड रांगेच्या शेपटाला जाऊन मिळालं आणि सगळं रान बाभळीभोवती गोल फिरू लागलं.

हे फक्त वरून दिसत होतं, आणि वर फक्त पारखी होती.

"अहो, थांबा!" ती ओरडली. "रांग गोल आहे! पुढं काही नाहीये!"

"काही नाही कसं?" ससा म्हणाला. "पुढं गवा आहे ना!"

"आणि माझ्यापुढं रानडुक्कर आहे," गवा म्हणाला. "एवढे सगळे काय येडे म्हणून उभे आहेत?"

"बाई, तुमचं झाड वाचलं ना?" साळिंदर म्हणालं. "मग आमच्या तोंडचा घास कशाला काढता?"

पारखीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वळणं तिचीच होती आणि शब्दही तिचाच होता. ती घरट्यात शिरली.

भाद्रपदात निवडणूक आली. नाहीतरी सगळे रांगेत उभेच आहेत, म्हणून मतपेटी तिथंच ठेवली. एका खारीनं धीर करून विचारलं, "रोज वाढणार वाढणार म्हणता, वाढलं काय?"

"रांग बघा!" प्रधानबाई म्हणाल्या. "होती त्याच्या दुप्पट झाली. ज्यांना ही वाढ दिसत नाही, त्यांनी मागं जाऊन उभं राहावं."

मागं कुणालाच जायचं नव्हतं. राजा पुन्हा निवडून आला.

त्याच आठवड्यात पारखीच्या पिल्लांना पंख फुटले. ज्यांच्यासाठी तिनं हा सगळा खटाटोप केला, ती तिघं घरट्याच्या तोंडाशी आली, एकदा निळ्या आभाळाकडे बघितलं आणि खाली झेप घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली. पारखी पंख फडफडवत त्यांच्यापाशी उतरली. तिला सांगायचं होतं की चला इथून, डोंगरापलीकडे बर्टी पिकत आलीय. पण धाकट्यानं भुकेली चोच वर करून विचारलं, "आई, अजून किती राहिलंय गं?" आजूबाजूचं सगळं रान कान टवकारून तिच्याकडे बघत होतं.

"आलंच हं," पारखी म्हणाली. "सरक पुढं."

ओट्यावर ऊन खात पडलेल्या घोरपडीनं एक डोळा उघडला आणि तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पारखीबाईंना मंत्रिमंडळात घेतलं. खातं मिळालं वाढीचं.